फिरायला निघालो, चहाला बसलो

माझ्या नातीची मान आमच्या घरात सगळ्यांनी घासून पाहिली. आधी तिच्या आईने बेसन अन् दही लावलं. मग तिच्या आत्याने फोनवरून लिंबू सांगितलं, तेही झालं. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी अकोल्याहून अमरावतीला मुलाकडे आले, पोरीचे केस धुवायला बसले, तर मानेच्या मागे हा काळा पट्टा! मी मसुराच्या डाळीचं पीठ कालवलं आणि लागले घासायला.

"आजी, दुखते न!"

"दुखू दे. उद्या घरात महालक्ष्म्या येऊन राहिल्या, अन् तू अशी मळकी?"

"मळ नाई तो. मी रोज आंघोळ करते."

पोरीचं खरं होतं. पण अकरा वर्षांच्या लेकराचं न्हाणीत कोण ऐकतं? महालक्ष्म्या आल्या, सोळा भाज्या झाल्या, आंबील झालं, पुरणाच्या पोळ्या झाल्या, महालक्ष्म्या गेल्या. पट्टा तिथेच.

मग शाळेत मुलांची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सूनबाईला बोलावून सांगितलं, की हिला लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी अजून अमरावतीतच होते, म्हणून मीही गेले. कोणी दवाखान्यात निघालं आणि मी घरी बसले, असं आजवर झालेलं नाही. तिथे डॉक्टरबाई होत्या, वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी रक्त तपासलं, पोरीच्या मानेवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आजी, आता घासू नका बरं का. हा मळ नाही. अंगात इन्सुलिन जास्त तयार होऊ लागलं, की मानेवर असा रंग येतो."

साखर आजाराच्या उंबरठ्यावर आहे, आत गेलेली नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. एवढ्या लहान वयात मोठ्या माणसांचा मधुमेह! आमच्या वेळी ऐकला नव्हता. पण बाईंचा आवाज असा होता, की भ्यायला झालं नाही. म्हणाल्या, तीन महिने घराचं खाणंपिणं आणि हालचाल बदलून पाहू. मग पुन्हा रक्त तपासू. तेव्हा आकडा खाली आला तर उत्तम. वर गेला तर औषधाचा विचार करावा लागेल.

घरी येताना रिक्षात पोर माझ्या कानाशी आली. "आजी, मले पण आबासारखी सुई टोचा लागन?"

तिचे आबा म्हणजे आमच्या घरचे मालक. ते बऱ्याच वर्षांपासून रोज सकाळी पोटात सुई घेतात आणि घेताना असा चेहरा करतात, की पाहणाऱ्याला जास्त दुखावं. मी म्हटलं, "नाई लागत. डॉक्टरबाईनं सांगितलं न."

"अन् कोणाले सांगू नको. शाळेत बी नाई, कॉलनीत बी नाई. तुले शपथ आहे."

मी शपथ घेतली. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आमच्या खानदानाला ठाऊक आहे, म्हणून पोरीने ती दोनदा घ्यायला लावली.

आता आमच्या घरच्यांनी काय करावं? सूनबाईने पोरीसाठी वेगळं ताट सुरू केलं. उकडलेला दुधी भोपळा, एक पोळी, काकडी. आणि बाकीच्यांपुढे आलूबोंड्यांचा ढीग! माझा मुलगा गरम रस्सा भुरकत पोरीला म्हणतो, "खाय बेटा, भाजी चांगली असते." पोरीने ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवली. मला तो घास गिळवला नाही. मुलालाही गिळवला नसावा, कारण उरलेले बोंडे तसेच राहिले, आणि आमच्या घरात ही काही साधी गोष्ट नाही.

त्या दवाखान्यात दर रविवारी सकाळी अशा मुलांचा वर्ग भरायचा. वर्ग मुलांचा, पण एकट्या मुलाला आत घेत नसत. घरात जो स्वयंपाक करतो, जो बाजार करतो आणि जो वाढतो, त्या सगळ्यांनी यायचं. पहिल्याच रविवारी डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमच्या घरात वाढतं कोण?" मुलाने, सुनेने आणि पोरीने एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी त अकोल्याले राहते," मी म्हटलं.

"मग तीन महिने इथे राहा की, आजी."

झालं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मंग मी इथं कोणाच्या हातचं खाऊ?" दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तेही पिशवी घेऊन हजर.

त्या वर्गात बाईंनी पहिलं काय केलं असेल, तर वेगळं ताट बंद केलं. पोरीला जे, तेच सगळ्यांना. सगळ्यांना जे, तेच पोरीला. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, उरलेल्या अर्ध्यात भाकर आणि वरण किंवा उसळ. जेवताना टीव्ही नाही, मोबाईल नाही. पोरीला जाडी, लठ्ठी असं गमतीनेसुद्धा म्हणायचं नाही. संत्र्याचा रस काढायचा नाही, संत्रं सोलून खायचं. हे ऐकून एक गृहस्थ उभे राहिले. "बाई, घरचा बगीचा आहे आमचा. रस नाई प्यायचा त संत्र्याचं करायचं काय?" बाई म्हणाल्या, "चावायचं." मुलं इतकी हसली!

आणि मग माझ्याकडे बघून शेवटचा नियम: ताटात न विचारता वाढायचं नाही.

मालकांना हे फार लागलं. "अन् आग्रह नाई केला त मंग ते जेवण काय झालं? खानावळ झाली!"

खरं सांगते, भाकरीचं काही अवघड गेलं नाही. ज्वारी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, कढी आणि डाळ वाटून वाफवलेले फुणके. हे तर माझ्या हातातलंच. सूनबाईला वेळ नसतो, ती नोकरी करते, म्हणून घरात तयार खाण्याची पाकिटं आली होती. मी भाकर थापायला बसले की पोर शेजारी बसायची. तिची पहिली भाकर पाहून तिचा बाप म्हणाला, "हा कोणत्या देशाचा नकाशा?" "जेवायचा आहे का नाई?" पोरीने विचारलं. त्याने मुकाट्याने खाल्ला.

अवघड गेलं ते फिरणं.

आता तुम्ही म्हणाल, फिरण्यात काय अवघड? चपला घालायच्या आणि निघायचं. तसंच निघालो आम्ही. संध्याकाळी मी आणि नात, हातात हात. गेटाबाहेर पडलो, कोपरा वळलो, तर शेजारच्या ताई, मूळच्या परतवाड्याच्या, आपल्या दारात झाडांना पाणी घालत होत्या.

"काय बाप्पा, आज आजी अन् नात! या न, चहा घ्या."

आता परतवाड्याच्या ताईंना नाही कसं म्हणायचं? आमच्या वऱ्हाडात दारावरून जाणाऱ्याला चहा न विचारणं वाईट, आणि विचारल्यावर न घेणं त्याहून वाईट. पुण्याकडे म्हणे नुसतं "येतो हं" म्हणून सुटता येतं. इथे तसं केलं तर दुसऱ्या दिवशी विचारतात, आमचं काही चुकलं का? बसलो. चहा झाला, सोबत टोस्ट. पोरीसाठी दूध, त्यात साखर. उठलो, पुढे निघालो, तर माझ्या माहेरच्या बाजूची दर्यापूरची काकू. तिने तर विचारलंही नाही. हात धरून आत नेलं आणि चिवड्याची ताटली पुढ्यात ठेवली. तिथे माहेरच्या गोष्टी निघाल्या, कोणाच्या वावरात यंदा सोयाबीन कसं, कोणाची सून कशी. अंधार पडला. घरी आलो तेव्हा दोघींना जेवायची भूक नव्हती.

असं रोज. मी आपली खूश, की आपण रोज फिरून राहिलो!

रविवारी वर्गात बाईंनी विचारलं, कोण काय करतं. मी छाती काढून सांगितलं, "आमी दोघी रोज सांजी फिरतो." बाई पोरीकडे वळल्या. "छान. कुठपर्यंत जाता?"

पोर खोटं बोलत नाही. हा गुण कुठून आला, माहीत नाही. ती म्हणाली, "पयले परतवाड्याच्या ताईंकडे. तिथं चहा अन् टोस्ट. मंग दर्यापूरच्या आजींकडे चिवडा. मंगळवारी त्यांच्याकडे गुलाबजाम होते. मंग आजीचे पाय दुखतात, म्हणून आबा गाडी घेऊन येतात."

अख्खा हॉल हसायला लागला. डॉक्टरबाईंनी तोंडावर रुमाल धरला. माझा मुलगा खुर्चीवरून वाकून वाकून हसत होता. बाईंना शेवटी बोलता आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, ह्याला फिरणं नाही म्हणत, ह्याला पाहुणचार म्हणतात."

मीही हसले. पण घरी येताना पोर सारखी पोटावर हात ठेवत होती. तिला मधेच सुई आठवायची. मी तिच्या डोळ्यात पाहिलं की कळायचं. तीन महिन्यांतले बरेच दिवस आम्ही चहात घालवले होते.

मग आम्ही नाना उपाय केले. दुसऱ्या रस्त्याने गेलो, तिथेही माणसंच राहत होती. पहाटे निघालो, तर सगळ्या बायका रांगोळी घालायला बाहेर. मग मी ठरवलं, चहा घ्यायचा, पण साखर नको म्हणायचं. ताईंकडे बसून म्हटलं, "बिनसाखरेचा द्या हो."

ताईंच्या हातातला डबा तसाच राहिला. "काहून? तब्येत बरी आहे न?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती, शपथ होती. मी म्हटलं, "असंच."

असंच म्हटलेलं कोणी असंच घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दर्यापूरची काकू हातात स्टीलचा पेला घेऊन उभी. "कारल्याचा रस आहे. उपाशीपोटी घ्या. मले कळलं, तुमाले शुगर निघाली." दुपारपर्यंत मेथीदाणे आले, जांभळाच्या बियांची पूड आली, आणि एकीने तर पत्ता दिला, तिथे म्हणे पायाला वीज लावून साखर काढतात. कॉलनीभर झालं, अकोल्याच्या आजीला शुगर निघाली.

मी पदर खोचून निघाले होते, एकेकीला सांगून यायला, की माझी साखर माझ्या सुनेपेक्षा चांगली आहे. तर पोरीने पदर धरला.

"आजी, राहू दे न तसंच."

"कसं राहू दे? मले काही नाई झालं!"

"हाव, पण मंग कोणी विचारत नाई न, घरात सगळं काहून बदललं. त्यांना वाटते तुझ्यासाठी आहे." मग हळू आवाजात, "माझं नाव नाई येत."

मी खाली बसले. एवढीशी पोर, आणि किती दिवसांपासून हे डोक्यात घेऊन फिरत होती! म्हटलं, "बरं. मले शुगर आहे. भल्ली मोठी शुगर आहे." आणि कारल्याचा रस मालकांना पाजला. तोंड करून दाखवायची त्यांना सवय होतीच.

पण चहा काही थांबला नाही. आता तो बिनसाखरेचा आला, इतकंच. बसणं तेच, चिवडा तोच.

यावर तोडगा काढला तो पोरीनेच. एका संध्याकाळी कोपऱ्याच्या अलीकडे ती थांबली. "आजी, त्या बोलावतात म्हणून तुले नाई म्हणता येत नाई न?"

"हाव."

"मंग आपण आधी बोलवू. त्यांना बी नाई म्हणता येणार नाई."

 मी सरळ ताईंच्या गेटाशी गेले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ओरडले, "ताई, या फिराले!"

ताई गडबडल्या. हातात पाण्याचा पाइप. "आता? अवं, पण चहा..."

"चहा फिरून आल्यावर. एवढं म्हणून राहिली मी, तुमी नाई म्हणता?"

बस. या वाक्यापुढे वऱ्हाडात कोणाचं चालत नाही. पाइप खाली पडला, ताई चपला शोधत बाहेर. तिथून दर्यापूरच्या काकूकडे. तिने जरा झुंज दिली. गॅसवर दूध आहे म्हणाली. ताईंनी तिला सांगितलं, "बंद कर अन् चाल. बिचारीले शुगर आहे, एकटी कशी फिरंल?" काकू माझ्याकडे अशा दयेने बघत आली, की मला हसू आवरेना. पोर तर माझ्या पदरात तोंड खुपसून हसत होती.

मग काय! आठवडा दोन आठवडे गेले, आणि सात-आठ बायांचा घोळका झाला. बोलणं तेवढंच, फक्त पायांवर. सुनांच्या तक्रारींना तर असा वेग येतो चालताना, की मी मागे पडायची. आज्या बाहेर पडल्या म्हणून नातवंडं बाहेर पडली. कॉलनीच्या मोकळ्या जागेत फरशीचे तुकडे रचून लगोरी सुरू झाली. आमची पोर पळण्यात मागे होती. पहिले दिवस धापा टाकायची, डाव सोडून माझ्याजवळ येऊन बसायची. मी काही म्हणत नसे. पण तिचा नेम! एकदा तिने लांबून चेंडू मारला आणि सगळी लगोरी एका झटक्यात उडाली. त्यानंतर दोन्ही गट तिच्यासाठी भांडू लागले. मग ती बसायला येईना. मी पाण्याची बाटली धरून उभी, आणि ती म्हणे, "नंतर, आजी, नंतर!"

दिवाळी आली तेव्हा मला धास्ती होती. बाईंनी फराळ बंद करा म्हटलं नव्हतं. म्हणाल्या, थोडं करा, सगळ्यांनी मिळून बसून खा, आणि डबे भरून ठेवू नका. सूनबाईने आणि मी एका दुपारी केलं, त्या संध्याकाळी घरात आणि शेजारी संपवलं. पाडव्याच्या दिवशी मालक स्वयंपाकघरात डबे वाजवून पाहत होते. पोर मागे उभी. "आबा, काय शोधून राहिले?"

"झाकण."

"कायचं झाकण?"

"डब्याचं. अनारशाच्या."

तिने त्यांना हाताला धरून मैदानावर नेलं आणि पंच केलं. पंचगिरी त्यांना इतकी आवडली, की पुढे ते आमच्याआधी जाऊन उभे राहत आणि दोन्ही गटांच्या शिव्या खात.

तपासणीचा दिवस थंडीतला. आम्ही पाचही जण गेलो. मुलाने सुट्टी काढली होती, आणि त्याचंही रक्त द्यायचं ठरलं होतं, कारण पोरीने अट घातली होती, की मी एकटी नाही देणार. त्याचा कमरेचा पट्टा आता दोन भोकं आत जात होता, हे तो प्रत्येकाला शर्ट वर करून दाखवत होता. रिपोर्टसाठी बाकावर बसलो. पोरीने माझा हात धरला होता. मी तोंडाने काही बोलले नाही. हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. कागद वाचला, चष्मा काढला आणि आमच्याकडे न बघता पोरीकडे बघून म्हणाल्या, "उंबरठ्यावरून मागे आलीस तू. थोडीच आलीस, पण आलीस. औषध नको. जे चाललंय ते चालू ठेवायचं."

"सुई?"

"कसली सुई? काही नाही."

सूनबाई रडायला लागली. मुलगा बाईंचे आभार मानता मानता खुर्चीला अडखळला. मालक म्हणाले, "मंग आज एखादा पेढा..." आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "मी आपलं वाटण्यासाठी म्हणून राहिलो."

वाटायला तर हवंच होतं. बाहेर एका गाडीवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या होत्या, हिरव्यागार, घाट्यांनी भरलेल्या. पोर म्हणाली, हे घेऊ. दोन्ही हातांत मावतील तेवढ्या जुड्या घेऊन आम्ही संध्याकाळी मैदानावर गेलो. मी घरून कांदा, हिरवी मिरची आणि मीठ आणलं होतं, दाण्यांत कालवून घोळाणा करायला. बाया गोल बसल्या, मुलंही आली. पोर एकेकीच्या हातात जुडी देत चालली.

ताईंनी विचारलं, "काय गं बाई, कायची खुशी? आजीची शुगर उतरली का?"

मी हाव म्हणणारच होते. इतके दिवस म्हटलं होतं, आणखी एकदा काय. पण पोर मध्येच बोलली.

"आजीले शुगर नाईच. मले होऊन राहिली होती. आता कमी झाली."

सगळ्या बाया तिच्याकडे वळल्या. मुलंही.  पोर उभी होती, कान लाल, पण मान वर. मी तिला जवळ घ्यायला उठणार, तेवढ्यात दर्यापूरच्या काकूने एक घाटा सोलून तोंडात टाकला.

"एवढंच? मले वाटलं, शाळेत पयला नंबर आला." मग चावता चावता तिच्या काहीतरी लक्षात आलं. ती माझ्याकडे वळली. "अन् तुमाले काहीच नाई? अवं, मी तुमच्यापायी महिनाभर कारले किसले!"

सगळ्या हसायला लागल्या. मालक दूरवर उभे होते, तेही. पोर आधी माझ्याकडे पाहत होती, मग तीही हसली, अशी, की तिला श्वास घेता येईना. परतवाड्याच्या ताईंनी तिला ओढून शेजारी बसवलं आणि विचारू लागल्या, कसं कळलं, काय केलं, आणि म्हणाल्या, माझ्या सुनेलाही सांग. ती सांगू लागली. अर्धं ताट भाजी, वगैरे, अगदी डॉक्टरबाईंच्या आवाजात. तिकडून कोणीतरी ओरडलं, "ए, तुझा डाव आहे, येते का सोलत बसते?" तिने अर्धी सोललेली जुडी माझ्या मांडीत टाकली, आणि पळाली.